भाजी म्हणून हसू नका : ग्रास टाईपची पार्श्वभूमी

सोलापुरात कुणालाही पोकेमॉन गेममधला स्टार्टर, म्हणजे सुरुवातीला निवडायचा पहिला पोकेमॉन विचारा, आगवाला चारमँडरच सांगणार. ग्रास टाईपचा, म्हणजे झाडापाल्याचा बल्बासॉर म्हटलं की "त्या भाजीला घेऊन काय करतो बे" हे ठरलेलंच. पण मूळ गेममध्ये हिशोब उलटा होता.

२७ फेब्रुवारी १९९६ ला जपानात गेम बॉयवर रेड आणि ग्रीन ही जोडी आली, आणि ग्रीनच्या डब्यावर चक्क व्हीनसॉर, म्हणजे बल्बासॉरचं शेवटचं रूप होतं. १९९८ ला अमेरिकेत रेड-ब्लू गेले तेव्हा तो कव्हरवरून गायब, जागा पाण्यावाल्या ब्लास्टॉइजला. तरी बल्बासॉर घेणाऱ्याची सुरुवात सगळ्यात सोपी, कारण पहिल्याच जिममध्ये (लढाईच्या आखाड्यात) तिथला उस्ताद ब्रॉककडे जिओड्यूड आणि ऑनिक्स, दोघंही रॉक आणि ग्राउंड, ग्रास दोन्हीवर भारी, म्हणजे डॅमेज थेट चौपट. १३ लेव्हलला वाइन व्हिप ही ग्रास मूव्ह आली की ऑनिक्स बहुतेक वेळा एका फटक्यात आडवा. पुढच्या जिमला मिस्टी, तिचे सगळे पाण्यावाले, तिथंही मजाच. चारमँडरवाला मात्र ब्रॉकपुढं घाम गाळत बसायचा, म्हणून की काय २००४ च्या फायर रेडमध्ये त्याला दगडवाल्यांवर चालणारी मेटल क्लॉ देऊन टाकली.

मग नाव खराब झालं कुठं? टाईप चार्टमध्ये, म्हणजे कुठला टाईप कुणावर भारी त्या तक्त्यात. फायर, आइस, फ्लाइंग, पॉयझन, बग, एवढे पाच जण ग्रासला झोडपतात. त्यात पहिल्या १५१ मधले ग्रासवाले फक्त १४, त्यातले नऊ सोबत पॉयझन पण, म्हणजे सायकिकचाही मार. निव्वळ ग्रास एकटी टँगेला.

सरळ मारामारीत निभाव लागत नाही म्हटल्यावर ग्रासवाले छळायच्या धंद्याला लागले. बल्बासॉरला तेव्हा ७ लेव्हललाच लीच सीड मिळायची, समोरच्याच्या अंगात बी रुजवायचं आणि दर टर्नला त्याचा एचपी (जीव) शोषून घ्यायचा, वरून स्लीप पावडर टाकून त्याला झोपवायचं. पहिल्या पिढीत, म्हणजे या सुरुवातीच्या गेममध्ये, तर प्रोग्रॅमची एक भारी गडबड होती, टॉक्सिक (दर टर्नला वाढत जाणारं विष) आणि लीच सीड एकत्र लावलं की टॉक्सिकचा वाढता काउंटर बियांनाही लागायचा, आधी सोळावा हिस्सा, मग त्याच्या दुप्पट, तिप्पट, आणि तेवढा एचपी आपल्या खात्यात. शिवाय रेझर लीफ ही मूव्ह जवळजवळ दर वेळी क्रिटिकल, म्हणजे जादा जोराचा फटका. भाजी म्हणे!

१९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये चिकोरिटा हा ग्रास स्टार्टर घेणाऱ्यांचे मात्र हाल झाले, पहिला जिम फ्लाइंगचा, दुसरा बगचा, हे मुद्दाम केल्यासारखंच वाटतं. पण त्याच गेममध्ये ऊन पाडणारी सनी डे आली. ऊन पडलं की एरवी एक टर्न थांबावं लागणारी ग्रासची सोलर बीम न थांबता सुटते. २००२ ला अ‍ॅबिलिटी, म्हणजे पोकेमॉनचे अंगचे गुण आले, त्यात क्लोरोफिल, उन्हात स्पीड डायरेक्ट दुप्पट. ही अ‍ॅबिलिटी व्हीनसॉरला पाचव्या पिढीत मिळाली, आणि तेव्हाच फायरवाल्या नाइनटेल्सला ड्रॉट, म्हणजे ती मैदानात आली की आपोआप ऊन. मग काय, फायरवाली शेजारी उभी करून ग्रास जिंकायला लागला. २०१३ ला अजून एक नियम आला, पावडरच्या मूव्ह ग्रास टाईपला लागणारच नाहीत, म्हणजे दुसऱ्याचा झोपवणारा स्पोर झेलायलाही हाच.

आपल्याकडं बऱ्याच जणांना हे सगळं इम्युलेटरवर नाहीतर थेट पोकेमॉन गो या बाहेर फिरून खेळायच्या फोनवरच्या गेममध्ये कळलं. गो भारतात अधिकृतपणे डिसेंबर २०१६ ला आलं, वर्षभरानं त्यात खरं हवामान जोडलं, आणि ऊन असलं की ग्रास, ग्राउंड, फायर तिघांनाही रेड लढाईत (बॉस पोकेमॉनविरुद्ध) आणि जिममध्ये २० टक्के जास्त डॅमेज. आता सोलापूरचा मे महिना डोळ्यासमोर आणा, सिद्धेश्वर तलावाकडं दुपारी कुत्रं फिरकत नाही पण फोनवर सूर्याचं चिन्ह ढळत नाही. जंगली बल्बासॉर अशा वेळी पाच लेव्हल वरचा सापडतो. फक्त तो पकडायला त्या उन्हात बाहेर पडावं लागतं, तिथंच गाडी अडते.

मार्च २०१८ च्या कम्युनिटी डेला, म्हणजे गोमधल्या खास दिवशी, इव्हॉल्व्ह करून (पुढच्या रूपात नेऊन) मिळवलेल्या व्हीनसॉरला फ्रेन्झी प्लांट ही जोरदार ग्रास मूव्ह मिळाली. त्याच वर्षाच्या शेवटी ट्रेनर बॅटल, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या लढाया सुरू झाल्या आणि १५०० सीपीची (ताकदीच्या आकड्याची) मर्यादा असलेल्या ग्रेट लीगमध्ये वाइन व्हिप, फ्रेन्झी प्लांट, स्लज बॉम्ब हा सेट घेतलेला व्हीनसॉर पाण्यावाल्यांना जागा देईना.