24 सेकंद आणि फाटकाजवळचा फोन

ब्रिटनमध्ये स्वयंचलित रेल्वे फाटकांच्या अलीकडे एक ठळक पाटी असते : मोठ्या किंवा हळू चालणाऱ्या वाहनांच्या चालकांनी आधी फोन करून परवानगी घ्यावी. मोठं म्हणजे किती, हळू म्हणजे किती, तेही ठरलेलं आहे. लांबी 18.75 मीटरच्या वर, रुंदी 2.9 मीटरच्या वर, एकूण वजन 44 टनांच्या वर, किंवा वेग ताशी 5 मैल अथवा त्याहून कमी. यातलं एक जरी लागू झालं, तरी थांबायचं आणि फोन उचलायचा.

पूर्वी फोनची गरज नव्हती, कारण फाटकावर माणूस असे. 1839 च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना फाटकं बसवून ती उघडायला-लावायला माणूस नेमणं भाग पाडलं. गुरं रेंगाळली, ओझ्याची गाडी रुळांत अडकली, तर ते बघणारं कुणीतरी तिथे हजर असायचं.

पुढे मोटारी वाढल्या, माणसं नेमणं महाग झालं आणि युरोपातली स्वयंचलित अर्धफाटकं ब्रिटनने स्वीकारली. पहिलं 1961 मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या स्पाथला बसलं. येणारी रेल्वेगाडी स्वतःच दिवे आणि दांडा चालू करते. दांडा अर्धाच रस्ता अडवतो, म्हणजे रुळांवर सापडलेल्याला पुढे निसटता येतं. इशारा मिळाल्यापासून गाडी पोहोचेपर्यंत तेव्हा कमीत कमी 24 सेकंद मिळायचे. वेळ मुद्दाम कमी ठेवली होती, कारण फार ताटकळलं की लोक दांड्याला वळसा घालून घुसतात. मोटारीसाठी हा हिशेब चोख होता. अडचण एवढीच, की रुळांवर अजून कुणी आहे का, हे त्या यंत्रणेला कळत नव्हतं.

6 जानेवारी 1968. त्याच जिल्ह्यातलं हिक्सन. 120 टनांचा ट्रान्सफॉर्मर लादलेला, 148 फूट लांबीचा ट्रेलर फाटकाशी आला. सोबत पोलिसांचा ताफा होता. वर 25,000 व्होल्टच्या विजेच्या तारा. माल तारांना लागू नये म्हणून सगळ्यांचं लक्ष वर, आणि ट्रेलर ताशी जेमतेम 2 मैलांनी सरकतोय. या वेगाने 148 फूट लांबीला स्वतःच्या लांबीएवढं अंतर जायलाच 50 सेकंद लागतात, मग रुळांची रुंदी वेगळीच. एवढ्यात दिवे लागले. मँचेस्टरहून लंडनला निघालेली एक्स्प्रेस ट्रान्सफॉर्मरवर आदळली. 11 जण गेले. त्यांत 3 रेल्वे कर्मचारी होते.

मला सर्वांत जास्त लागते ती पुढची गोष्ट. फोन तिथे होता! अवजड माल नेण्याआधी सिग्नलमनला फोन करा, असं सांगणारी पाटीही होती. पण अक्षरं बारीक, चालत्या वाहनातून वाचता येणार नाहीत अशी. सोबतच्या पोलिसांनाही त्या फोनचं महत्त्व कुणी सांगितलेलं नव्हतं.

ब्रायन गिबन्स यांच्या अध्यक्षतेखाली जाहीर चौकशी झाली. रेल्वे अपघातासाठी अशी चौकशी 1879 च्या, स्कॉटलंडमधल्या टे रेल्वे पुलाच्या दुर्घटनेनंतर पहिल्यांदाच होत होती, यावरून या घटनेचा धक्का कळतो. दोष एका चालकावर ढकलून हात झटकले गेले नाहीत. फाटकांची योजना आखणारे आणि रस्त्यावरून अवजड माल नेणारे एकमेकांशी बोललेच नव्हते, हे त्यातून पुढे आलं. त्यानंतर लाल दिव्याआधी पिवळा दिवा आला, पाट्या मोठ्या झाल्या आणि फोन करणं हा ठसठशीत नियम झाला.

नुसत्या लांबीवर मात्र हे भागत नाही. आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा रूळ उंच असले, की लांब आणि बुटक्या वाहनाचं पोट मध्येच टेकतं, आणि मग वेग कितीही असो, चाकं जागच्या जागी फिरतात. 2017 मध्ये अमेरिकेतल्या बिलॉक्सी शहरात प्रवाशांनी भरलेली बस अशाच उंचवट्यावर अडकली आणि मालगाडीच्या धडकेत 4 जण दगावले. म्हणून ब्रिटनच्या नियमांत पोट टेकण्याचा धोका असलेली वाहनं आणि गुरं हाकणारेही फोन करणाऱ्यांत मोडतात.

फोनवर सिग्नलमनला वाहन केवढं आहे, पार व्हायला किती वेळ लागेल, हे सांगायचं असतं. तेवढी फट मिळत असेल तरच तो हो म्हणतो. पलीकडे गेल्यावर कळवायला सांगितलं असेल, तर तिथल्या फोनवरून पुन्हा त्याला सांगायचं : शेवटचं चाक रुळांवरून उतरलं.