मेसोपोटेमिया आघाडी (पहिले महायुद्ध)

मेसोपोटेमिया आघाडी (1914–18) : पहिल्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांपैकी ब्रिटन आणि जर्मनीच्या गोटातील ऑटोमन तुर्कस्तान यांच्यात आजच्या इराकमध्ये लढली गेलेली आघाडी. ब्रिटिशांच्या बाजूने हिचा भार मुख्यतः हिंदुस्थान सरकारच्या सैन्याने वाहिला. फेब्रुवारी 1916 पर्यंत लढाईची सूत्रेही हिंदुस्थानातूनच हलत होती. त्यानंतर ती लंडनच्या युद्ध खात्याने आपल्या हाती घेतली.

तुर्कस्तानने जर्मनीशी गुप्त तह केला तो 2 ऑगस्ट 1914 रोजी. मात्र तुर्की आरमाराने काळ्या समुद्रातील रशियन बंदरांवर मारा केला तो 29 ऑक्टोबरला. ब्रिटनने 5 नोव्हेंबरला युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी पुणे डिव्हिजनची (6 वी) 16 वी ब्रिगेड शत्त-अल-अरबच्या (टायग्रिस व युफ्रेटिस यांच्या संयुक्त प्रवाहाच्या) मुखाशी फाओ येथे उतरली. इतकी त्वरा शक्य झाली, कारण ही ब्रिगेड ऑक्टोबरच्या मध्यासच मुंबईहून निघून बहारीनजवळ येऊन थांबली होती.

मोहिमेच्या मूळ हेतूबद्दल मतभेद आहेत. इराणमधील आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना वाचवण्यासाठी फौज पाठवली, हे मत जुने व अधिक प्रचलित. ब्रिटिश सरकारने 1914 मध्येच तो कारखाना चालवणाऱ्या अँग्लो-पर्शियन तेल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग (शेअर) घेतले होते, हा त्याचा मुख्य आधार. परंतु सप्टेंबर 1914 च्या सरकारी टिपणांत अधिक जोर दिसतो तो कुवेत व मोहम्मरा (आबादानजवळचे बंदर) येथील शेखांना धीर देण्यावर, अरबांना तुर्कांपासून तोडण्यावर आणि आखातातील वचक राखण्यावर. खुद्द आरमार खात्याचे मंत्री चर्चिल यांनी तेलासाठी हिंदी फौज गुंतवण्याबाबत त्या वेळी नाखुशी दाखवली होती. तेल हे कारण होते, पण पहिले नव्हे, असे मानणे कागदपत्रांना अधिक धरून होईल.

नोव्हेंबर 1914 मध्ये बसरा, एप्रिल 1915 मध्ये शैबा, जूनमध्ये अमारा आणि 28 सप्टेंबरला कूत असे विजय मिळत गेले. प्रत्येक विजयाबरोबर बसऱ्याचा तळ मात्र मागे पडत गेला. रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. सगळी रसद टायग्रिस नदीतून. बसऱ्याला मोठ्या बोटी लागतील असे धक्केच नव्हते, त्यामुळे माल आधी होड्यांत उतरवून मग नदीच्या बोटींवर चढवावा लागे. वर जाण्यासाठी उथळ तळाच्या, चाकाच्या आगबोटी लागत. त्यांच्या दोन्ही अंगांना मालाचे पडाव (सपाट तळाच्या होड्या) बांधत. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी उतरले की त्या गाळात रुतत, आणि वसंतात डोंगरांवरचे बर्फ वितळले की दोन्ही काठ पाण्याखाली जात. बोटींची मागणी उशिरा नोंदवली गेली. नदीसाठी बांधलेल्या कित्येक बोटी समुद्र ओलांडतानाच बुडाल्या.

अशा स्थितीत जनरल टाउनशेंडची हीच 6 वी डिव्हिजन बगदादवर धाडण्यात आली. 22 नोव्हेंबर 1915 ला बगदादजवळच्या टेसिफोन येथे तिची सुमारे 4,600 माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत आणले. पुढे बोटीने बसऱ्याला पोहोचायला काहींना जवळजवळ दोन आठवडे लागले. 3 डिसेंबरला फौज माघार घेत कूतला आली. तेथे तुर्कांनी तिला वेढले. या वेढ्याचे 147 दिवस सांगतात, ते 5 डिसेंबर व शरणागतीचा 29 एप्रिल 1916 हे दोन्ही दिवस धरले तरच जुळतात. कोंडी पूर्ण झाली त्या 7 डिसेंबरपासून मोजल्यास 145 भरतात.

कूतच्या शोकांतिकेचे मूळ धान्याच्या हिशेबात आहे. शिधा थोडाच दिवस पुरेल असे टाउनशेंडने आरंभी कळवले. त्यामुळे सुटकेसाठी निघालेल्या फौजेच्या जनरल एल्मरने पुरत्या जमवाजमवीविना जानेवारीत शेख साद, वादी व हन्ना येथे एकामागून एक हल्ले केले. हन्नाच्या चिखलात ही कुमक अडली. नंतर, 25 जानेवारीच्या सुमारास, घराघरांतील लपवलेले धान्य मोजून आणि घोडे खाण्यास धरून आणखी 84 दिवस निघतील असा टाउनशेंडचा निरोप आला. हा हिशेब डिसेंबरात झाला असता, तर जानेवारीची घाई टळली असती. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत सुमारे 23,000 माणसे हताहत झाली. आत अडकलेले सैनिक व नोकर होते सुमारे 13,000.

आहारशास्त्राच्या दृष्टीनेही हा वेढा महत्त्वाचा आहे. गोरे शिपाई पांढऱ्या पिठाचा पाव खात, त्यांना बेरीबेरी (ब-1 जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) झाला. हिंदी शिपाई जव व कणकेमुळे त्यातून वाचले. परंतु भाजी नाही आणि धर्मभावनेमुळे घोड्याचे मांसही वर्ज्य, म्हणून त्यांना स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाच्या रोगाने) गाठले. मांस खाण्यास हरकत नाही असे धर्मगुरूंचे अभिप्राय मागवले गेले, तरी बहुतेकांनी ते खाल्ले ते अगदी एप्रिलमध्ये. तोवर पिठाचा शिधा माणशी 4 औंसांवर आला होता. विमानांतून पोती टाकून पाहिली. त्यांतली काही नदीत, काही तुर्कांच्या खंदकांत पडली. 24 एप्रिलला रसद घेऊन निघालेली जुलनार ही बोट वाटेतच पकडली गेली आणि 29 एप्रिलला शरणागती झाली. कैदेतील कूच आणि रेल्वेकामाच्या छावण्या यांत हजारो मेले.

पुढे नवे सेनापती जनरल मॉड यांनी आधी धक्के, बोटी व रेल्वे उभारली आणि मगच चाल केली. 11 मार्च 1917 ला बगदाद पडले. 30 ऑक्टोबर 1918 च्या तुर्कस्तानशी झालेल्या मुद्रोस युद्धबंदी करारानंतर, नोव्हेंबरात मोसूल ताब्यात आले.

कूतच्या वेढ्यात 103, 110 व 117 या तिन्ही मराठा पलटणी होत्या. 24 डिसेंबर 1915 ला कूतच्या किल्ल्यावरचा हल्ला परतवणाऱ्यांत 103 वी होती. 117 व्या पलटणीला 1921 मध्ये ‘रॉयल’ हा किताब मिळाला. 1922 च्या पुनर्रचनेत या तिन्ही पलटणी मराठा रेजिमेंटच्या अनुक्रमे पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या बटालियन झाल्या. या मोहिमेतील मृतांच्या बसरा स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरलेली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांची मात्र पलटणीनिहाय केवळ संख्या दिलेली आहे.