मणक्यातला गॅप आणि मणक्यातला क्षय

खानापूर, निपाणी, चिकोडीकडं कुणाची पाठ धरली की निदान पारावरच होतं: "मणक्यात गॅप पडलाय." उसाची मोळी उचलणारा असो की बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, फाउंड्रीत राबणारा, गॅप ठरलेला. दोन मणक्यांमधली सरकलेली चकती, दबलेली शीर, म्हातारपणची झीज, सगळं त्या एका शब्दात खपतं. आणि त्याच्या आड कधीकधी क्षय, म्हणजे टीबी, लपतो.

खरं तर चकतीचं प्रकरण अलीकडचं. चकती मागं सरकून शीर दाबते आणि कळ पायात उतरते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकी डॉक्टरांनी १९३४ साली मांडलं. मणक्याच्या क्षयाची ओळख मात्र फार जुनी. इजिप्तच्या ममींतही क्षयानं खचलेले मणके सापडलेत. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जननं १७७९ मध्ये कुबड आणि लुळे पडणारे पाय यांचा संबंध लिहून ठेवला; त्यामागचं कारण मात्र त्याला ठाऊक नव्हतं. क्षयाचा जंतू जर्मन डॉक्टर कॉखनं दाखवला तो १८८२ ला.

हा जंतू बहुधा फुप्फुसातून रक्तावाटे मणक्यात येतो आणि पुढची बाजू पोखरतो. पुढून हाड खचलं की मागचा काटा वर येतो, तेच कुबड. पू साठतो, पण हाताला गरम लागत नाही. कमरेतला पू तर स्नायूच्या कडेनं उतरून जांघेत गाठ होऊन दिसतो. छातीमागच्या भागात मेरुरज्जू, म्हणजे कण्यातून जाणारी मज्जातंतूंची दोरी, दाबला गेला, तर दोन्ही पाय जातात.

आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या पाठीत असं टोकदार कुबड होतं. त्या लहान असताना अंगणातली चिंच उचलायची झाली तर वाकत नसत. पाठ ताठ ठेवून, मांडीला हात लावत खाली बसत. हे कण्याच्या क्षयाचं पुस्तकातलं लक्षण. घरच्यांनी मात्र तापल्या लोखंडाचा डाग दिला होता. कुबडाच्या दोन्ही अंगांना दोन गोल वण शेवटपर्यंत होते.

तेव्हा दुसरं फारसं होतंही काय? स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. त्याआधी प्लास्टरच्या साच्यात महिनोन् महिने पडून राहायचं, ऊन आणि दूध घ्यायचं. आपल्याकडचे लोक मिरजेला जात, मिशनरी डॉक्टर वानलेस यांच्या दवाखान्यात. तो १८९४ पासूनचा. १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, १९६३ ला गावातच जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज निघालं, तरी कागवाड-अथणीकडच्यांना मिरजच जवळची.

पुढं १९७० च्या दशकात बनारसच्या डॉ. तुलींनी 'मधला मार्ग' मांडला: आधी औषधं, आणि गुण येत नसेल किंवा पायातली ताकद जात असेल तरच शस्त्रक्रिया. आजही सर्वसाधारणपणे तेच चालतं. गोळ्या वर्षभर, कधी दीड वर्ष. सरकारी दवाखान्यात फुकट.

अडतं ते ओळखण्यात. थुंकी तपासली, निल आली, म्हणजे जंतू दिसले नाहीत, की माणूस निर्धास्त होतो; पण दुखणं फुप्फुसात नसेल तर थुंकीत काय दिसणार? एक्स-रेतही हाड बरंच गेल्यावरच कळतं. रात्री वाढणारी कळ, संध्याकाळची कणकण, सैल होत चाललेली चोळी, एवढ्यावरून कुणाला शंका आली तर एमआरआय. त्यासाठी बेळगाव गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि वर हजारोंचा खर्च. तोवर कमरेला पट्टा बांधून अख्खी सुगी निघते.