पोकळ फणस उभा राहिला, भरीव आंबा पडला

3 जून 2020. भर दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा दापोली तालुक्यातल्या आमच्या घरात आम्ही सगळे दारंखिडक्या लावून माजघरात बसलो होतो. कौलं उडत होती. मधेच घर हादरलं आणि मागची पडवी खाली आली. तिच्यावर आंबा पडला होता.

आम्हाला धास्ती होती ती दुसऱ्या दोन झाडांची. न्हाणीघरामागचा फणस बुंध्यात पोकळ आहे, त्याच्या ढोलीत हात कोपरापर्यंत जातो. आणि पुढच्या अंगणातला उंच माड घराकडे झुकलेला. ही दोन्ही झाडं उभी राहिली. पडला तो हिरवागार, निरोगी दिसणारा आंबा.

वादळ उतरल्यावर उपटलेल्या मुळांपाशी गेलो आणि कारण समोर दिसलं. पश्चिमेच्या बाजूची जाड मुळं करवतीने कापल्यासारखी सपाट होती, टोकांना काळी पडलेली, कुजलेली. तीन वर्षांपूर्वी चिऱ्याच्या कंपाऊंडचा पाया खणताना ती आम्हीच तोडायला लावली होती. वारा पश्चिमेकडून आला आणि त्या बाजूला झाडाला धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 60 किलोमीटरचा वारा सपाट फळीवर चौरस मीटरला साधारण 17 किलो वजनाइतका दाब देतो, ताशी 120 चा वारा 68 किलोचा. 'निसर्ग' किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. पाच मीटर रुंद आणि पाच मीटर उंच झाडोरा, म्हणजे झाडाचा फांद्यापानांचा पसारा, फळीसारखा ताठ असता, तर त्याच्यावर दीड टनाहून जास्त रेटा आला असता. झाड फळी नसतं म्हणून बचावतं. पानं मिटतात, डहाळ्या मागे वळतात, वाऱ्याला भिडणारा पसारा आकसतो. शिवाय प्रत्येक फांदी आपल्या वेगळ्या लयीत हलते. एक पुढे येते तेव्हा दुसरी मागे जाते आणि खोडाला बसणारा झोका मंदावतो.

एवढं करूनही जो जोर उरतो तो मुळांवर येतो. झाड जेवढं वर तेवढंच खाली असतं, ही समजूत खरी नाही. मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीतच असतात आणि झाडोऱ्याच्या सावलीपलीकडे दूरवर पसरतात. कोकणात खाली जांभ्याचा कठीण खडक असतो, त्यामुळे सोटमूळ खोल जाईलच असं नाही. झाड एका रुंद, उथळ थाळीवर उभं असतं म्हणा ना. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची मुळं तंबूच्या दोरांसारखी ताणली जातात, पलीकडची दाबली जातात. दोर कापले की तंबूचं जे होतं ते आमच्या आंब्याचं झालं. वर दिवसभर पाऊस असेल तर भिजलेल्या मातीची पकडही सैल होते. म्हणून आधी मुसळधार पाऊस आणि मग वारा, हा क्रम सगळ्यात वाईट.

बांधकाम करताना झाडापासून किती लांब राहायचं, याचा एक ठोकताळा आहे. खोडाचा छातीच्या उंचीवरचा व्यास घ्या आणि त्याला 12 ने गुणा. अर्ध्या मीटरच्या खोडाला सहा मीटर. खोडापासून चारही बाजूंना एवढ्या अंतरात चर, सेप्टिक टँक, पाया काही नको. एवढी जागा नसेल तर निदान व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत, म्हणजे याच झाडाला दीड मीटरच्या आत, जाड मूळ तोडूच नये. आमचा चर बुंध्यापासून चार फुटांवर होता. शहरात बुंध्याला भिडवलेलं काँक्रीट हेच काम हळूहळू करतं. मुळांना हवापाणी मिळत नाही, ती कुजतात, आणि वरचा हिरवेपणा बरीच वर्षं तसाच राहतो.

आता पोकळ फणस. हे गणित मला फार आवडतं. वाकताना खोडाच्या बाहेरच्या भागावर सगळ्यात जास्त ताण येतो, गाभ्यावर जवळजवळ नाही. साठ सेंटिमीटरच्या खोडात मधोमध तीस सेंटिमीटरची पोकळी असली, तर वाकण्याला विरोध करण्याची ताकद जेमतेम 6 टक्क्यांनी घटते. पोकळी व्यासाच्या 70 टक्के झाली की 24 टक्के जाते. 90 टक्के झाली तर दोन तृतीयांश ताकद गेली. जर्मनीतले शास्त्रज्ञ क्लाउस माथेक यांनी पडलेल्या आणि उभ्या झाडांची मापं घेऊन जो ठोकताळा सुचवला तो याच्याशी जुळतो: भोवतालची निरोगी भिंत खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल, तर फक्त पोकळ आहे म्हणून झाड घाबरण्यासारखं नाही. अट एवढीच की भिंत सगळीकडून शाबूत हवी. ढोलीचं तोंड मोठं असेल किंवा खोडाला उभी चीर असेल, तर हे गणित लागू पडत नाही.

माडाला निसर्गानेच असं घडवलंय. त्याच्या खोडात कठीण धागे बाहेरच्या बाजूला दाट आणि मध्ये विरळ असतात. झावळी पिसासारखी दुमडते. बुंध्यातून हजारो तंतुमुळं निघतात, त्यामुळे पाच-पन्नास तुटली तरी बाकीची धरून ठेवतात. पण माडाचं एक दुखणं आहे. आंब्याफणसाच्या सालीखाली नवं लाकूड घडवणारा थर असतो, तो माडाला नसतो. त्यामुळे चढण्यासाठी बुंध्यात पाडलेली खाच जन्मभर तशीच राहते. तिथे सोंड्या भुंगा अंडी घालतो, अळ्या आतून पोखरतात, आणि एक दिवस माड मधूनच मोडतो. खोडावर भोकं दिसली, तांबूस चिकट पाणी गळत असलं, तर तो माड घराजवळ ठेवू नये. वादळाआधी सुक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवावेत. हिरव्या झावळ्या मात्र काढू नयेत. त्या कोवळ्या शेंड्याला आधार देतात.

वादळानंतर आमच्या गावात लोकांनी घाबरून जी तोड केली, तिचं मला आजही वाईट वाटतं. कुणी दाट वाडीतली अर्धी झाडं काढली आणि इतकी वर्षं आडोशाला वाढलेली उरलेली झाडं एकदम वाऱ्याच्या तोंडी दिली. फ्लोरिडात 1992 च्या अँड्र्यू चक्रीवादळापासून पुढे अनेक वादळांनंतर शास्त्रज्ञांनी पडलेल्या झाडांच्या मोजण्या केल्या. एकट्या झाडांपेक्षा घोळक्याने वाढलेली झाडं जास्त तगली, असं त्यांना आढळलं. शिवाय झाडांची ओळ वाऱ्याचा वेग आपल्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत कमी करते. ती काढली की तोच वारा थेट कौलांवर येतो.

कुणी झाडाचा शेंडाच उडवला. हे तर सगळ्यात घातक. तुटक्या ठुंठांवर दोन वर्षांत झुपकेदार फुटवे येतात. झाड पुन्हा भरलेलं दिसतं, पण हे फुटवे खोडाच्या आतून आलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात. खालचं ठुंठ कुजत जातं आणि फुटवे जड होत जातात. आतल्या सगळ्या डहाळ्या सोलून फांदीच्या टोकालाच पानांचा गुच्छ ठेवण्याची पद्धतही तशीच. सगळं वजन टोकाला जातं आणि झोका मंदावणाऱ्या डहाळ्या निघून जातात.

फांदी काढायचीच असेल तर ती कुठे कापायची, हे अमेरिकेतल्या वनखात्याचे ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं. झाडाची जखम माणसासारखी भरत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून त्याला कोंडून टाकतं. ही सोय फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर वळ्यात असते. तो वळा न दुखवता, त्याच्या लगेच बाहेर कापावं. खोडाला लागून सपाट कापलं तर वळा जातो, लांब खुंट ठेवला तर तो कुजून आत वाट देतो. जड फांदीला आधी वळ्यापासून हातभर अंतरावर खालून काप द्यावा, मग वरून, म्हणजे साल सोलवटत नाही. शेवटी उरलेला तुकडा वळ्याशी काढावा. कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइलपेंट फासून कूज थांबत नाही. आणि एका वेळी पाव झाडोऱ्यापेक्षा जास्त काढू नये.

काही झाडं मात्र काढलीच पाहिजेत, आणि तिथे हळवं होऊन चालत नाही. झाड अलीकडेच कललं असेल आणि उलट्या बाजूची माती उचलली गेली असेल किंवा तिला भेगा पडल्या असतील, तर घर रिकामं करण्याइतकी ती निकड आहे. लहानपणापासून कललेलं आणि शेंडा पुन्हा सरळ वर गेलेलं झाड वेगळं. ते झुकलेल्या खोडाच्या वरच्या बाजूला खास ताण सोसणारं लाकूड घडवतं. माडाला असं नवं लाकूड घडवता येत नाही, पण आमचा माडही कोवळेपणीच वळलेला. बुंध्याशी उगवलेली कडक, कंगोऱ्यासारखी अळंबी हे आत कुजत असल्याचं लक्षण. दोन सारख्या जाडीच्या खोडांचं अरुंद बेचकं असेल आणि मध्ये साल दबली असेल, तर ती दोन खोडं एकमेकांना जोडलेलीच नसतात. गुलमोहर दिसतो सुंदर, पण त्याची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. त्याला छपरापासून लांबच लावावं.

झाड घरापर्यंत पोचतं का, हे मोजायला हाताएवढी काठी पुरते. हात सरळ पुढे करून ती उभी धरा आणि काठीने झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बरोबर झाकेपर्यंत मागे सरका. तुमचं झाडापासूनचं अंतर म्हणजे झाडाची उंची. घर त्याच्या आत असेल तरच प्रश्न.

तोडायला परवानगी लागते. शहरात 1975 च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची. बाहेर 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही आपल्या परसातली झाडंच आहेत. अर्ज मे महिन्यात करून उपयोग नाही. अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जूनमध्ये आणि पावसाळ्यानंतर येतात, 'फयान' नोव्हेंबर 2009 मध्ये आलं होतं. आम्ही आता जानेवारीत सगळी झाडं बघतो. बुंध्यापासून सुरुवात करतो, वर नंतर.

गेल्या वर्षी कंपाऊंड फणसाजवळून न्यायची वेळ आली. या वेळी सलग पाया खणला नाही. मुळं चाचपून त्यांच्यामध्ये दोन खांब उभे केले, वर तुळई टाकली आणि चिरे त्या तुळईवर रचले. फणसाची मुळं तुळईखालून शेजारच्या वाडीत गेली आहेत.