श्रमदानापासून खाडीपर्यंत

ठाण्याच्या विसर्जनघाटावर किंवा ऐरोलीच्या खाडीकाठी कॉलेजची मुलं लोकांना काही समजावताना दिसतात. त्यांना तिथवर आणणारे रस्ते दोन आहेत.

पहिला राष्ट्रीय सेवा योजनेचा. गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. भर श्रमदानावर: हातात कुदळ-घमेलं.

दुसरा रस्ता कोर्टातून आला. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितलं. चित्रपटगृहांनी पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवाव्यात, हेही त्याच आदेशात होतं. पदवीच्या वर्गात हा विषय सक्तीने यायला मात्र २००३ साल उजाडलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या अभ्यासक्रमात क्षेत्रभेटीसाठी तळं, नदी, प्रदूषित जागा सुचवल्या होत्या. ठाण्यात त्यासाठी वेगळी बस करावी लागत नाही. मासुंदा, उपवन, कचराळी तलाव गावातच, आणि चेंदणीच्या बांदोडकर कॉलेजजवळ तर खाडीच.

हे दोन रस्ते खऱ्या अर्थाने एकत्र आले ते गणेशोत्सवात. महापालिकेने कृत्रिम तलाव केले, पण माणसं वळवायची कुणी? घाटावरचं काम बारीक असतं. हार हातात घ्यायचा, दोरा तोडायचा, सोनेरी कागद आणि थर्माकोल बाजूला काढायचा, फुलं कलशात टाकायची. आणि हे करता करता ‘काकू, पिशवीसकट नका टाकू’ म्हणायचं. घरच्या गणपतीच्या बाबतीत परक्या पोराचं ऐकून घेणं सोपं नसतं. तासभर कुदळ चालवण्यापेक्षा हे अवघड, असं माझं मत.

‘तास भरायला आलेत’ हा टोमणा जुनाच. मुंबई विद्यापीठात योजनेच्या कामाचे वाढीव १० गुण मिळतात, तेव्हा तो अगदीच खोटाही नाही. पण गुणांसाठी आलेल्या मुलानेही दोरा तोडलेला असतोच.

पुढे खाडीला दर्जा मिळाला: २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. मधल्या काळात ऐरोलीत सागरी जैवविविधता केंद्र उभं राहिलं. विषय निर्माल्याकडून कांदळवनाकडे सरकला. अडचण एकच: फ्लेमिंगोंची खरी गर्दी उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि नेमक्या तेव्हाच परीक्षा.