फियाट-पद्मिनीचे छंदी जतन

फियाट ११०० आणि तिचेच पुढचे भारतीय रूप असलेली प्रीमियर पद्मिनी या मोटारी स्वतःच्या हातांनी दुरुस्त करणे, मूळ रूपात आणणे आणि रस्त्यावर चालत्या ठेवणे हा महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई आणि पुण्यात, खोल रुजलेला छंद आहे. मोटारींच्या इतर छंदांपेक्षा तो एका बाबतीत वेगळा आहे. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस किंवा अमेरिकी ब्यूक जतन करायला पैसा लागतो आणि त्यांचे काम बहुधा पगारी कारागीर करतात. फियाट ही मध्यमवर्गीय घरातली गाडी होती, आणि तिचे यंत्र इतके उघडे व सोपे आहे की मालकाला रविवारच्या सकाळी पाना हातात घेऊन तिच्यावर काम करता येते. म्हणूनच या छंदात मालकी आणि कारागिरी एकाच माणसाच्या ठिकाणी आढळते.

ही गाडी महाराष्ट्राची म्हणता येते ती तिच्या जन्मस्थानामुळे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० येथे तयार होऊ लागली. त्याच सुमारास केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारी धोरणामुळे भारतातून गाशा गुंडाळावा लागला आणि बाजारात मोजक्याच गाड्या उरल्या. पहिल्या फियाटचे नाक पुढे आलेले आणि अंग गोलसर, म्हणून लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले, आणि आजही छंदी मंडळी तिला प्रेमाने त्याच नावाने ओळखतात. तिची पुढची दारे मागच्या बाजूला बिजागरी असल्यामुळे उलटी उघडत. त्यानंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट असे बदल होत गेले. १९६० च्या दशकाच्या मध्यात चौकोनी अंगाची डिलाइट आली आणि थोड्याफार फरकाने तीच शेवटपर्यंत टिकली. फियाटशी असलेला परवाना-करार संपल्यावर गाडीला आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून चित्तोडच्या राणीवरून पद्मिनी हे नाव मिळाले. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी १९६४ मध्ये बँकेचे कर्ज काढून घेतलेली फियाट दिल्लीतील त्यांच्या स्मारकात आजही पाहायला मिळते. त्या काळच्या सचोटीच्या माणसाच्या घरातली गाडी कशी होती, हे तिच्याकडे पाहून कळते.

इंजिन चार सिलिंडरचे, १,०८९ घन सेंटिमीटरचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल ७५ मिलिमीटर. ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. ती प्रोपेलर शाफ्टमार्फत मागच्या चाकांना मिळते. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर डाव्या हाताला असते आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग समोर दिसतो आणि प्रत्येकाला हात पोहोचतो. आजच्या गाडीतला दोष संगणकाला विचारावा लागतो, तर फियाटचा दोष आवाज, वास आणि एक्झॉस्टच्या धुराच्या रंगावरून ओळखला जातो. पांढरा धूर दिसला तर पाणी सिलिंडरमध्ये जात आहे, निळा दिसला तर ऑइल जळत आहे आणि काळा दिसला तर पेट्रोल जास्त जात आहे, हे या छंदात शिरणाऱ्याचे पहिले पाठ असतात.

नवशिक्याचे बहुतेक रविवार प्रज्वलनाच्या कामात जातात. प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले की आत ‘पॉइंट’ दिसतात. हे दोन लहान धातूचे तुकडे उघडतात आणि मिटतात, आणि त्या उघडण्याच्या क्षणी प्लगला ठिणगी मिळते. पॉइंटवर काजळी धरली किंवा खड्डा पडला की गाडी सकाळी दमा झाल्यासारखी खोकते. मग बारीक पॉलिश पेपरने पॉइंट घासायचा, इंजिन हाताने फिरवून पॉइंट पूर्ण उघडा येईल तिथे थांबायचे आणि फिलर गेजची, म्हणजे फट मोजण्याच्या साधनाची, ठरावीक जाडीची पाती मधून सरकवून फट बेतायची. ही फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आतली असते. पाती अडकतही नाही आणि सैलही सरकत नाही, बोटांना तिची किंचित ओढ जाणवते, ती योग्य फट. ती ओढ पुस्तकातून समजत नाही. शेजारी बसलेला मिस्त्री एकदा आपला हात तुमच्या हातावर ठेवून दाखवतो, तेव्हा ती समजते. प्लगच्या तारा लावण्याचा क्रम १-३-४-२ असा असतो. घाईत दोन तारा अदलाबदल झाल्या तर इंजिन फटाके फोडते, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक छंदी माणसाकडून एकदा तरी झालेली असते.

ब्रेकमधली हवा काढण्याचे काम एकट्याने होत नाही, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला या छंदात ओढण्याचा तो सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. एक जण सीटवर बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाशी आडवा पडून निपल, म्हणजे हवा बाहेर सोडण्याचा लहान स्क्रू, सैल करतो, आणि ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ अशा आरोळ्या इमारतीच्या आवारात ऐकू येतात. बाटलीतल्या द्रवात बुडबुडे येणे थांबेपर्यंत हे चालते. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग म्हणजे मास्टर सिलिंडर; सुरुवात त्याच्यापासून सर्वांत दूरच्या चाकापासून करायची आणि डब्यातले ब्रेक ऑइल तळाला जाऊ द्यायचे नाही, नाही तर पुन्हा हवा शिरते आणि सगळी मेहनत वाया जाते. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबणे जिवावर बेतू शकते. घोडी, म्हणजे गाडी तोलून धरणारा लोखंडी टेकू, लावल्याशिवाय आणि चाकांना अडथळे दिल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये, हा नियम शिकवताना जुने मिस्त्री कठोर होतात आणि ते योग्यच आहे.

मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाट या गाड्यांची जुनी परीक्षा होती. चढणीत इंजिन तापले की त्याच्या उष्णतेने यांत्रिक पंपातले आणि नळीतले पेट्रोल वाफेत बदलते, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बुरेटरला थेंब पोहोचत नाही आणि गाडी थांबते. यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे पंपावर ओले फडके गुंडाळणे. खंडाळ्याच्या वळणावर बॉनेट उघडे ठेवून उभी असलेली फियाट, बाजूला पाण्याचा डबा आणि पंपावरचे ओले फडके हे कित्येक कुटुंबांच्या प्रवासाचे चित्र होते. पण दोषाचे मूळ बरेचदा रेडिएटरमध्ये असते. गाळ आणि क्षार साठून त्याच्या नळ्या तुंबतात. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे इंजिन फार तापले तर हेड वाकते, दोहोंमधली गॅस्केट ही सांधा बंद ठेवणारी चकती जाते, आणि मग हेड काढून लेथवाल्याकडे नेऊन ते सपाट करून आणावे लागते. म्हणून अनुभवी मालक फडक्यावर समाधान न मानता उन्हाळ्याआधी रेडिएटर उतरवून साफ करून घेतात.

या सगळ्यापेक्षा अवघड शत्रू गंज आहे. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे पत्रा आतून खाल्ला जातो. वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीच्या पायाखालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीचा तळ चाळणीसारखा झालेला असतो. विकत घेताना रंगावर न जाता पायपुसणी उचलून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तळ ठोकून पाहावा. खण्ण असा आवाज आला तर पत्रा आहे, भद्द आवाज आला तर लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवण्याच्या लगद्याचा, थर आहे. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडणे हाच खरा उपाय असतो. लांबी भरून रंग मारलेली गाडी दोन पावसाळ्यांत पुन्हा फुगते, आणि असे काम जतन म्हणण्याच्या लायकीचे नसते.

सुटे भाग मिळवणे हा या छंदातला अर्धा उद्योग आहे. मुंबईत कुर्ल्यातील जुन्या भागांचा बाजार आणि मटण स्ट्रीटवरचा चोर बाजार, पुण्यात मंगळवार पेठेजवळ रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार ही ठिकाणे छंदी माणसे पिढ्यान्‌पिढ्या धुंडाळत आली आहेत. या पुरवठ्यामागे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होती. टॅक्सीच्या धंद्यामुळे हजारो पद्मिनी रोज रस्त्यावर धावत, त्यांच्यासाठी भाग बनत, आणि भंगारात निघालेल्या टॅक्सींचे गिअरबॉक्स, दारे, काचा इतरांच्या कामी येत. टॅक्सीला मुंबईत २० वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. त्या दिवशी शहराने तिला निरोप दिला. छंदी मालकांना मात्र हेही उमगले की भागांचा आणि ते बसवणाऱ्या मिस्त्रींचा झरा आता आटत जाणार. रबरी भाग, क्रोमच्या पट्ट्या आणि ‘पद्मिनी’ लिहिलेली मूळ चिन्हे आजच दुर्मीळ झाली आहेत, तर इंजिनातले पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे त्या मानाने सहज मिळतात. जे मिळत नाही ते लेथवर बनवून घेतले जाते, म्हणून ओळखीचा लेथवाला हे या छंदातले मोठे भांडवल मानले जाते.

मूळ रूप की सोयीचे रूप, हा वाद येथे कायम पेटता असतो. काही मालक गिअरची दांडी खांबावरून खाली जमिनीवर आणतात, वातानुकूलन बसवतात, पुढे डिस्क ब्रेक लावतात किंवा दुसऱ्या गाडीचे इंजिन घालतात. रोज वापरण्याच्या दृष्टीने चांगल्या ब्रेकचा मोह समजण्यासारखा आहे. तरी खांबावरची दांडी हा या गाडीचा स्वभाव आहे, आणि ती हरवलेली फियाट चालवणाऱ्याला फियाट वाटत नाही, असे प्रस्तुत नोंदकाराचे ठाम मत आहे. येथे कायद्याचाही संबंध येतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व ठामपणे मांडले. इंजिन बदलायचे असेल तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नोंदणी पुस्तकातली दुरुस्ती आवश्यक असते.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी ती वाढवावी लागते. हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले आणि पुढे इतक्या जुन्या गाड्यांसाठी आणखी वाढले, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते, आणि सांगाडा, अंग व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा ही तिची अट आहे. डुक्कर फियाट आणि डिलाइट या वर्गात सहज बसतात, तर पद्मिनीची सर्वांत जुनी तुकडी आता कुठे पन्नाशी ओलांडू लागली आहे. मात्र अशी नोंदणी घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. ज्यांना बाजारात भाजी आणायलाही फियाटच हवी असते, त्यांच्यासाठी ही वाट सोयीची नाही. जुन्या, ‘एम’ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी क्रमांकाची पाटी तशीच टिकवून नेहमीच्या नूतनीकरणाच्या रांगेत उभे राहणे त्यांना जास्त पटते.

अलीकडे इंधनाने नवे काम लावले आहे. भारतात २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकीला शिशाचा आधार असे, म्हणून हेड उघडले की कणखर धातूच्या बैठका बसवून घेण्याची पद्धत पडली. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या प्रतीचे रबर फुगवते आणि पाणी धरून ठेवत असल्याने टाकीला गंज लावते. यावर उपाय म्हणजे पंपापासून कार्बुरेटरपर्यंतच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्या घालणे, पंपाचा पडदा बदलणे आणि गाडी महिनोन्‌महिने उभी न ठेवणे. उभ्या गाडीत पेट्रोल शिळे होते, कार्बुरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, चिकट गोंद धरतो, टायर एका जागी चपटे होतात, ब्रेक चिकटतात. म्हणून आठवड्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत, म्हणजे किमान अर्धा तास, गाडी चालवावी असे जाणकार सांगतात. आच्छादनाखाली जागच्या जागी पाच मिनिटे सुरू ठेवण्याने बॅटरीही भरत नाही आणि एक्झॉस्टमधले पाणीही सुकत नाही. या छंदात नव्याने आलेला माणूस रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी खुंटी, ओढून गाडी सुरू करतो, चोक हळूहळू परत सरकवत इंजिनाचा सूर एकसारखा लागेपर्यंत ऐकत राहतो आणि मगच पहिला गिअर घालतो.