चमकतोय तो रंग, की पोचलेली पिशवी?

आमची मोठी माय अमळनेरकडच्या खेड्यात राहते, आयुष्यभर वाकून कापूस वेचला आणि आता उठता-बसता ‘गुडघा दुखतस रे भाऊ’ सुरू असतं. परवा चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला, गुडघ्यातली गादी म्हणजे कूर्चा हिरवीगार चमकतेय, खाली लिहिलंय की एक्सोसोम आत पोचले, आणि लगेच विचारतो मायला एक्सोसोमचं इंजेक्शन द्यायचं का. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितोय कारण चमक दिसली म्हणजे एक्सोसोम पोचले ही गल्लत भल्याभल्यांची होते.

एक्सोसोम म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या बारीक पिशव्या, साधारण 30 ते 150 नॅनोमीटरच्या, आत प्रथिनं आणि आरएनए. त्या साध्या मायक्रोस्कोपखाली नीट दिसत नाहीत म्हणून संशोधक त्यांना चमकणारा रंग लावतात, पीकेएच26 सारखा, जो पिशवीच्या चरबीच्या आवरणात जाऊन बसतो. आता आपल्याकडची वरात आठवा. गुलाल नवरदेवाच्या अंगावर उधळला पण तो रस्त्यावर पडतो, बघ्यांच्या सदऱ्याला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर गुलाल दिसला म्हणून नवरदेव त्या घरात येऊन गेला असं कोणी म्हणत नाही ना? हा रंगही तसाच, पिशवीवरून सुटून दुसऱ्या पेशीच्या आवरणात जातो, पिशवी विरघळून गेली तरी मागे टिकतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रंगाचेच कण एकत्र येऊन गोळ्या बनतात, आकाराने पिशवीसारख्याच, त्यामुळे नुसती चमक बघून फरक कळतच नाही.

कूर्चेत तर हे जास्तच महत्त्वाचं. तिथे रक्तवाहिन्या नाहीत, पेशी कमी, आणि मधे कोलॅजन आणि प्रोटिओग्लायकनचं दाट जाळं. दादर ज्वारीचं पीठ चाळायच्या चाळणीतून अख्खे दाणे जातील का, तसं या जाळ्यातली कित्येक भोकं पिशवीपेक्षाही लहान. वर जाळ्यावर ऋण भार आणि पिशवीवरही ऋण भार, म्हणजे एकमेकांना ढकलणार. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सांधा झिजण्याच्या आजारात, जाळं झिजून सैल होतं तेव्हा वाट थोडी मोकळी होऊ शकते, पण निरोगी कूर्चेत खोलवर चमक दिसली तर माझी पहिली शंका रंगावरच जाते.

मग खरी पिशवी ओळखायची कशी? सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम म्हणजे पिशव्या न घालता नुसता रंग तितकाच घ्यायचा, तसाच धुवायचा, कूर्चेच्या दुसऱ्या तुकड्यावर टाकायचा. तोही तसाच चमकला तर पहिल्या फोटोला काही अर्थ नाही. दुसरा रस्ता म्हणजे पेशीलाच जनुकीय बदल करून पिशवीच्या आवरणावरच्या सीडी63 या प्रथिनाला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडायचं, म्हणजे पिशवी जन्मतःच खूण घेऊन येते, गुलाल नाही तर गोंदण. पण सगळ्याच पिशव्यांवर सीडी63 नसतं, बाकीच्या निसटतात. आणि कूर्चेचा उभा काप घेऊन बघायला हवं, नाहीतर वरच्या थरावर चिकटलेलं सगळं आत गेल्यासारखं वाटतं.

भावाला म्हटलं, नुसत्या रंगाचा फोटो शेजारी होता का ते विचार. नव्हता. आणि औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने 2019 च्या डिसेंबरातच मान्यता नसलेल्या एक्सोसोम उत्पादनांबद्दल लोकांना सावध केलंय हेही सांगितलं. मायला इंजेक्शन नको म्हटलंय, सध्या तिचा मांडीचा व्यायाम चालूये, भाऊच करून घेतो रोज संध्याकाळी.